डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना आपण नेमके कुठे घसरतो

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या दहावीच्या एका पोरीने परवा वही पुढे केली, त्यात वाक्य होतं "ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह." मला हसूच आलं, कारण जवळपास हेच वाक्य मी माझ्या दहावीच्या सहामाहीत लिहून आले होते आणि सरांनी ते सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. एवढी वर्षं झाली पण चूक तीच. बरं या पोरांना नियम येत नाहीत असंही नाही हो, ते काळाचं टेबल झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील, पण लिहायला बसलं की डोक्यात मराठी चालू असते आणि ती काही ठिकाणी आपल्याला हाताला धरून नेते आणि काही ठिकाणी सरळ खड्ड्यात घालते. म्हणून हे सगळं मी मराठीच्या अंगानेच सांगणारे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम आपल्या लिपीत लिहिलीयेत, मोठ्याने वाचायची, कान तयार होतो. वहीत मात्र इंग्रजीतच लिहा म्हणजे झालं.

आधी प्रकरण काय आहे ते. आत्याचा फोन येतो, ती छोटीला म्हणते "मी उद्या तुमच्याकडे येते." छोटी स्वयंपाकघरात पळत जाऊन सांगते "आई, आत्या उद्या आपल्याकडे येतेय म्हणे." संपलं, हेच इनडायरेक्ट स्पीच. आत्याचे जसेच्या तसे शब्द इन्व्हर्टेड कॉमात टाकले तर डायरेक्ट, आणि तिचं बोलणं छोटीने स्वतःच्या तोंडून सांगितलं तर इनडायरेक्ट. आता बघा, छोटीने "मी" काढून "आत्या" केलं, "तुमच्याकडे"चं "आपल्याकडे" केलं, कुणीही न शिकवता. म्हणजे सर्वनामं बदलणं आपल्याला येतं. पण एक गोष्ट तिने केली नाही, "येतेय"चं "येत होती" केलं नाही. मराठीत ते करतच नाहीत. आणि इंग्रजीत नेमकं तेच करावं लागतं. घसरतो आपण तिथेच.

पहिलं काम, वाक्याचे दोन तुकडे करा. इन्व्हर्टेड कॉमाच्या बाहेरचा आणि आतला. बाहेरच्या तुकड्यातलं क्रियापद, म्हणजे सेड, सेज, आस्क्ड वगैरे, त्याला रिपोर्टिंग व्हर्ब म्हणतात, त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारा. ते वर्तमानात किंवा भविष्यात असेल, म्हणजे "सेज" किंवा "विल से" असेल, तर आतल्या वाक्याच्या काळाला हातसुद्धा लावायचा नाही, फक्त सर्वनामं बदलायची. शी सेज, "आय ॲम बिझी" याचं शी सेज दॅट शी इज बिझी. पोरं इथे घाईत "वॉज" करून मोकळी होतात कारण सवय "सेड"ची झालेली असते. म्हणून रेघ मारा म्हणते.

याच वेळी "सेड टू"चं "टोल्ड" करून टाका. "टोल्ड"च्या नंतर माणूस लागतोच आणि मध्ये "टू" चालत नाही. "टोल्ड मी" बरोबर, "टोल्ड टू मी" चूक. उलट "सेड"ला "टू" लागतो, "सेड मी" चूक. आपण "मला म्हणाला" आणि "मला सांगितलं" दोन्हीला एकच "मला" लावतो ना, त्यामुळे ही गडबड कायमची. नुसतं "सेड" असेल, कुणाला म्हणाला ते दिलंच नसेल, तर "सेड"च ठेवा.

दुसरं काम सर्वनामं. क्लासेसमध्ये याला सन म्हणतात, म्हणजे एस ओ एन, सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, नो चेंज. आतला "आय, माय, मी, वुई" हा बाहेरच्या कर्त्याप्रमाणे बदलतो, आतला "यू, युअर" हा ज्याला सांगितलं त्याच्याप्रमाणे, आणि "ही, शी, दे" तसेच राहतात. फॉर्म्युला ठीक आहे पण मी पोरांना सांगते की फॉर्म्युला विसरलात तर छोटी व्हा. कोण कुणाला सांगतंय एवढं डोळ्यासमोर आणा, सर्वनाम आपोआप बरोबर पडतं.

सर्वनामं काळाच्या आधी का बदलायची तेही सांगते. वाक्य असं घ्या: ही सेड टू मी, "यू आर लेट." काळ आधी बदलला तर "आर"चं "वेअर" होतं, मग "यू"चं "आय" होतं, आणि कागदावर उतरतं "आय वेअर लेट". सर्वनाम आधी बदललं की समोर "आय" दिसतो आणि हात आपोआप "वॉज" लिहितो. ही टोल्ड मी दॅट आय वॉज लेट. क्रम एवढ्यासाठी.

आता तिसरं काम, काळ, आणि इथे जरा थांबू.

मराठीत "आत्या म्हणाली की ती येणार आहे" म्हणतो. याचं कुणी "आत्या म्हणाली की ती येणार होती" केलं तर आपण लगेच विचारतो, मग का नाही आली? कारण आपल्याकडे "येणार होती" म्हणजे बेत होता आणि फिसकटला. तसंच "तो म्हणाला की तो आजारी होता" म्हणजे आता बरा आहे, आधी कधीतरी आजारी होता. त्यामुळे "ही सेड दॅट ही वॉज इल" हे वाक्य मराठी कानाला उगाच चुकल्यासारखं वाटतं आणि पोरं "इज" ठेवून येतात. इंग्रजीत तो "वॉज" आजार संपला असं सांगत नाही. "सेड" भूतकाळात गेलं म्हणून आतलं क्रियापदही त्याच्यामागे एक पाऊल मागे सरकतं, बास, अर्थ "तो म्हणाला की तो आजारी आहे" एवढाच. ही एक गोष्ट डोक्यात बसली की अर्धं काम झालं. आणि वाचतानाही उपयोग होतो, इंग्रजी पेपरात "मिनिस्टर सेड दॅट द रोड वॉज अनसेफ" वाचून रस्ता आता चांगला झाला असं समजू नका.

एक पाऊल मागे म्हणजे काय ते पटापट. इज, ॲमचं वॉज, आरचं वेअर. साधा वर्तमान "प्ले"चा "प्लेड". "इज प्लेइंग"चं "वॉज प्लेइंग". "हॅज प्लेड" आणि "हॅव प्लेड"चं "हॅड प्लेड". साधा भूतकाळ "प्लेड" असेल तर त्याचंही "हॅड प्लेड", आणि "वॉज प्लेइंग"चं "हॅड बीन प्लेइंग". "हॅड प्लेड" आधीच सगळ्यात मागच्या भिंतीला टेकलेला, तो अजून कुठे जाणार, तसाच राहतो. विलचं वुड, कॅनचं कुड, मेचं माइट. वुड, कुड, शुड, माइट तसेच. "मस्ट"चं "हॅड टू" करतात, तसाच ठेवलेलाही चालतो.

नकारी वाक्यात "डोन्ट" किंवा "डझन्ट"चं "डिडन्ट" होतं, आय डोन्ट नोचं ही डिडन्ट नो. आणि "डिडन्ट"चं "हॅडन्ट" होऊन पुढे तिसरं रूप येतं, आय डिडन्ट सीचं ही हॅडन्ट सीन. तिसरी रूपं पाठ नसतील तर इथे दांडी उडते. गो वेंट गॉन, सी सॉ सीन, कम केम कम, ही घोकंपट्टीच आहे, तिला इलाज नाही.

काही वाक्यांत "सेड" असलं तरी काळ हलत नाही. कायमचं सत्य असेल तर, द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन, पृथ्वी काही फिरायची थांबलेली नाही. इतिहासातली ठरलेली घटना असेल तरी, द टीचर सेड दॅट इंडिया बिकेम इंडिपेंडंट इन १९४७, इथे "हॅड बिकम" करत बसायचं नाही. आणि खरं सांगायचं तर रोजच्या बोलण्यात इंग्रज लोकही एवढे काटेकोर नसतात, गोष्ट अजून खरी असेल तर वर्तमान तसाच ठेवतात, साध्या भूतकाळाचं "हॅड" तर सर्रास गाळतात. पण बोर्डाच्या पेपरात तपासणाऱ्यासमोर हे तत्त्वज्ञान सांगायला तुम्ही नसता, तेव्हा तिथे पाऊल मागे टाकाच.

चौथं काम म्हणजे वेळ आणि जागेचे शब्द, आणि इथे मराठी मस्त मदत करते. आपण गोष्ट सांगताना "काल" म्हणत नाही, "आदल्या दिवशी" म्हणतो, आणि "उद्या"च्या जागी "दुसऱ्या दिवशी". अगदी तेच. यस्टरडेचं द प्रीव्हियस डे म्हणजे आदला दिवस, टुमॉरोचं द नेक्स्ट डे म्हणजे दुसरा दिवस. टुडेचं दॅट डे, टुनाइटचं दॅट नाइट, नाऊचं देन, हिअरचं देअर, धिसचं दॅट, धीजचं दोज, अगोचं बिफोर, लास्ट वीकचं द प्रीव्हियस वीक, नेक्स्ट वीकचं द फॉलोइंग वीक. जवळचं सगळं लांब न्यायचं, एवढंच सूत्र. छोटीने मात्र त्याच मिनिटाला आईला सांगितलं म्हणून तिचं "उद्या" उद्याच राहिलं, ते चूक नव्हतं. परीक्षेच्या वाक्यात कधी सांगितलं ते दिलेलं नसतं म्हणून बदलायचं.

आता चारही कामं एका वाक्यावर लावून बघू.

रमेश सेड टू मीना, "आय लॉस्ट युअर अम्ब्रेला हिअर यस्टरडे."

बाहेर "सेड टू" आहे, त्याचं "टोल्ड". कॉमा आणि इन्व्हर्टेड कॉमा काढले, जागेवर "दॅट" टाकला. रमेश टोल्ड मीना दॅट. आता "आय" म्हणजे बोलणारा रमेश, म्हणून "ही". "युअर" म्हणजे ऐकणाऱ्या मीनाची छत्री, म्हणून "हर". "लॉस्ट" साधा भूतकाळ, एक पाऊल मागे, "हॅड लॉस्ट". "हिअर"चं "देअर", "यस्टरडे"चं "द प्रीव्हियस डे". झालं: रमेश टोल्ड मीना दॅट ही हॅड लॉस्ट हर अम्ब्रेला देअर द प्रीव्हियस डे. सुरुवातीचे आठ-दहा दिवस असंच तुकड्या-तुकड्याने करा, एका झटक्यात उत्तर लिहायला जाल तर एक तरी शब्द जुनाच राहतो, बहुतेक वेळा "हिअर".

प्रश्नांकडे वळू, म्हणजे त्या पोरीच्या आणि माझ्या चुकीकडे. आपण म्हणतो "त्याने मला विचारलं की मी कुठे राहते." या वाक्यातला "की" हा सगळ्या भानगडीचं मूळ. मराठीत "की" विधानालाही लागतो आणि प्रश्नालाही, म्हणून आपण इंग्रजीतही बिनधास्त "दॅट" लावतो. इंग्रजीत प्रश्नाला "दॅट" नाही. नाही म्हणजे नाहीच. प्रश्न व्हेअर, व्हाय, व्हेन, हाऊ अशा शब्दाने सुरू होत असेल तर तोच शब्द सांधा, दुसरं काही लावायचं नाही. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असतं तिथे "इफ" किंवा "व्हेदर". मराठीत ओळखायची खूण सोपी आहे, वाक्याच्या शेवटी "का" येतो. तू येतोस का, तुला भूक लागलीय का, हा शेवटचा "का" म्हणजे इफ. तू का येतोस मधला "का" वेगळा, तो व्हाय.

मग दुसरी गोष्ट, प्रश्न मोडून त्याचं साधं वाक्य करायचं. कर्ता आधी, क्रियापद नंतर, आणि "डू, डझ, डिड" बाहेर. ही सेड टू मी, "व्हेअर डू यू लिव्ह?" घ्या. "सेड टू"चं "आस्क्ड". "व्हेअर" तसाच. "डू" गेला. "यू"चं "आय". "लिव्ह"चं "लिव्ड". ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड. शेवटी प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविराम, कारण आता आपण विचारत नाही, कुणी विचारलं ते सांगतोय. "आर यू कमिंग?" याचं ही आस्क्ड मी इफ आय वॉज कमिंग. "व्हेन डिड यू कम?" इथे "डिड" होता म्हणजे आत भूतकाळ होता, तो मागे सरकून हॅड कम होणार, ही आस्क्ड मी व्हेन आय हॅड कम. "डिड" काढला आणि नुसतं "व्हेन आय केम" लिहिलं असं फार जण करतात.

"हू ब्रोक द ग्लास?" मध्ये मात्र उलटसुलट करायला काही नाहीच, "हू" हाच कर्ता, म्हणून शी आस्क्ड हू हॅड ब्रोकन द ग्लास. विनाकारण शब्द हलवू नका.

आज्ञा आणि विनंती हा सगळ्यात सोपा भाग, कारण इथे मराठी तंतोतंत जुळते. आई म्हणाली "दार लाव" याचं आपण "आईने मला दार लावायला सांगितलं" करतो. "लावायला" म्हणजे टू क्लोज. मदर टोल्ड मी टू क्लोज द डोअर. काळ नाही, दॅट नाही, काही नाही, "टू" लावून मूळ क्रियापद. फक्त "सांगितलं"च्या जागी सूर बघून शब्द निवडायचा. वरिष्ठ बोलत असेल तर ऑर्डर्ड, प्लीज असेल तर रिक्वेस्टेड आणि तो प्लीज मग वाक्यातून काढायचा, डॉक्टर सांगत असेल तर ॲडव्हाइज्ड, वायरला हात लावू नको असं असेल तर वॉर्न्ड. नकार असेल तर "डोन्ट"चं "नॉट टू", ही वॉर्न्ड मी नॉट टू टच द वायर. "टू नॉट" लिहू नका. "फॉरबेड" वापरायची हौस असेल तर लक्षात ठेवा त्याच्या पोटातच नकार आहे, ही फॉरबेड मी टू टच द वायर, परत "नॉट" घातला की अर्थ उलटा होतो. मी तर सांगते "टोल्ड" आणि "नॉट टू" वापरा आणि सुखी राहा.

"लेट्स"ला मात्र हे चालत नाही. ही सेड टू मी, "लेट्स गो होम" याचं ही सजेस्टेड टू मी दॅट वुई शुड गो होम. "सजेस्ट"ला थेट "टू गो" जोडायचं नसतं, बारावीतलीही पोरं इथे मार्क घालवतात.

उद्गारवाचक वाक्यांवर मी फार वेळ घालवत नाही. "हुर्रे" असेल तर एक्सक्लेम्ड विथ जॉय दॅट, "अलास" असेल तर एक्सक्लेम्ड विथ सॉरो दॅट. हा "अलास" खऱ्या आयुष्यात मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही, तो फक्त ग्रामरच्या पुस्तकात राहतो. "व्हॉट अ" किंवा "हाऊ"ने सुरू होणाऱ्या वाक्याचं साधं विधान करून "व्हेरी" घालायचं, "व्हॉट अ ब्यूटिफुल फोर्ट इट इज!" याचं शी एक्सक्लेम्ड दॅट इट वॉज अ व्हेरी ब्यूटिफुल फोर्ट. गुड मॉर्निंगचं विश्ड मी गुड मॉर्निंग, थँक यूचं थँक्ड मी. आतला "सर" काढून रिस्पेक्टफुली घालतात.

सुटी वाक्यं जमली की संवाद घ्या, कारण तिथे सगळे प्रकार एकत्र येतात. स्वारगेटला एसटीत एक आजोबा चढलेत असं समजा.

कंडक्टर: "व्हेअर डू यू वाँट टू गो?"
आजोबा: "आय वाँट टू गो टू सातारा. इज द बस फुल?"
कंडक्टर: "देअर इज वन सीट ॲट द बॅक. प्लीज गिव्ह मी चेंज. आय डोन्ट हॅव एनी कॉइन्स."

पहिलं वाक्य प्रश्न: द कंडक्टर आस्क्ड द ओल्ड मॅन व्हेअर ही वाँटेड टू गो. दुसऱ्यात विधान आणि प्रश्न दोन्ही, तेव्हा प्रत्येकाला आपापलं क्रियापद द्यायचं, एकाच "टोल्ड"वर दोघांना लटकवायचं नाही: द ओल्ड मॅन रिप्लाइड दॅट ही वाँटेड टू गो टू सातारा अँड आस्क्ड इफ द बस वॉज फुल. तिसऱ्यात तर तीन तुकडे आहेत: द कंडक्टर सेड दॅट देअर वॉज वन सीट ॲट द बॅक. ही रिक्वेस्टेड द ओल्ड मॅन टू गिव्ह हिम चेंज, सेइंग दॅट ही डिडन्ट हॅव एनी कॉइन्स.

यात बारीक एक गंमत आहे. "देअर इज"मधला "देअर" हा जागेचा नाही, नुसता वाक्य उभं करायला आलेला, त्याला काही करायचं नसतं. आणि दोन्ही माणसं पुरुष असल्यामुळे सगळीकडे "ही, हिम" होऊन कोण कुणाला म्हणतंय तेच कळेनासं होतं. "ही रिक्वेस्टेड हिम टू गिव्ह हिम" असं लिहिलं तर व्याकरण बरोबर आणि वाचणारा बेजार. म्हणून अधूनमधून सर्वनामाच्या जागी "द ओल्ड मॅन" किंवा "द कंडक्टर" असं नावच टाकायचं.

कधी उलटं विचारतात, इनडायरेक्टचं डायरेक्ट. तेव्हा याच पायऱ्या उतरत या, "टोल्ड"चं "सेड टू", त्यानंतर कॉमा, इन्व्हर्टेड कॉमा, आतलं पहिलं अक्षर कॅपिटल, आणि काळ एक पाऊल पुढे. "हॅड" दिसला की मूळ वाक्य साध्या भूतकाळाचं होतं की "हॅव"चं, हे वेळेच्या शब्दावरून ठरवायचं, द प्रीव्हियस डे असेल तर आत यस्टरडे आणि साधा भूतकाळ.

सरावाला पाच वाक्यं देते, आधी झाकून सोडवा आणि मग खालचं बघा.

१. शी सेज, "आय लाइक माय जॉब."
२. ही सेड टू मी, "यू आर राइट."
३. द डॉक्टर सेड टू हिम, "डोन्ट ईट ऑइली फूड."
४. मीना सेड टू मी, "डिड यू सी माय फोन?"
५. आत्या सेड टू द गर्ल, "आय विल कम टू युअर हाऊस टुमॉरो."

पहिल्यात काळ बदलला असेल तर रेघ मारली नव्हती तुम्ही, शी सेज दॅट शी लाइक्स हर जॉब, आणि "लाइक्स"मधला एस विसरला असेल तर तोही बघा. दुसऱ्याचं ही टोल्ड मी दॅट आय वॉज राइट. तिसऱ्याचं द डॉक्टर ॲडव्हाइज्ड हिम नॉट टू ईट ऑइली फूड. चौथ्याचं मीना आस्क्ड मी इफ आय हॅड सीन हर फोन. पाचव्याचं आत्या टोल्ड द गर्ल दॅट शी वुड गो टू हर हाऊस द नेक्स्ट डे. इथे "कम"चं "गो" केलं, कारण सांगणारे आपण, त्या घरात बसलेलो नाही. तेच वाक्य छोटी स्वतः सांगत असेल तर ती "कम"च ठेवेल, "आत्या टोल्ड मी दॅट शी वुड कम टू अवर हाऊस."